विलायतेतला दवाखाना आणि आपल्या गावातला भरवसा

आर्वीचा_लॅबवाला (धागाकर्ता)

"तिकडं सारं फुकट असते म्हणे. तिकडचे डॉक्टर हुशार असते म्हणे. मग परत कायले आले?"

गावात राहायला आल्यापासून हे तीन प्रश्न याच क्रमाने येतात. तिसऱ्याला मी "तिथं ऊन कमी पडत होतं" एवढंच सांगतो. पहिल्या दोनांवर मात्र जरा ऐसपैस लिहायचं आहे.

मी डॉक्टर नाही. इंग्लंडातल्या एका सरकारी इस्पितळाच्या रक्ततपासणी प्रयोगशाळेत नोकरी केली, तिथूनच निवृत्त झालो. तरी लोक रिपोर्टची पिशवी घेऊन ओट्यावर येऊन बसतात आणि 'डॉक्टरसाहेब' म्हणतात. सांगून थकलो.

आधी फुकटचं. तिथली एनएचएस, म्हणजे सरकारी आरोग्यसेवा, ५ जुलै १९४८ ला सुरू झाली. उपचाराच्या वेळी खिशात हात घालावा लागत नाही, कारण पैसा करातून आधीच गेलेला असतो. इंग्लंडात चिठ्ठीवरच्या दर औषधामागे दहा पौंडांच्या थोडं आत असा ठरलेला आकार आहे, तोही साठीनंतर माफ. स्कॉटलंड आणि वेल्समध्ये तर सगळ्यांनाच माफ. दातांचं मात्र विचारू नका.

या फुकटाची किंमत वाट पाहण्यात मोजावी लागते. गुडघा दुखतो म्हणून थेट हाडांच्या डॉक्टरकडे जाता येत नाही. आधी आपल्या भागातला जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर. त्याला पटलं तर तो पुढे पाठवणार. तिथून उपचार सुरू व्हायला जास्तीत जास्त १८ आठवडे असा नियम आहे, आणि तो पाळला जातोच असं नाही. २०२३ मध्ये इंग्लंडातली ही यादी ७० लाखांच्या वर गेली होती. आपल्याकडे सकाळी एमआरआय सांगितला की माणूस दुपारी वर्ध्याला काढतो आणि संध्याकाळी ती काळी फिल्म घेऊन घरी. तिथल्या शेजाऱ्याला हे सांगितलं तर तो थाप समजायचा.

हुशारीचं म्हणाल तर तिथल्या वॉर्डात निम्मे चेहरे मला आपल्याकडचेच वाटायचे. फरक डोक्यात नाही. फरक आहे कामाच्या पद्धतीत, आणि तो मला लॅबमध्ये रोज दिसत होता. सकाळी मशीन सुरू केली की आधी पेशंटचं रक्त लावायचं नाही. ज्याचं उत्तर माहीत आहे असा नमुना, म्हणजे कंट्रोल, लावायचा. मशीनचं उत्तर मर्यादेच्या बाहेर गेलं तर एकही रिपोर्ट बाहेर जाणार नाही, मग वॉर्डातून कितीही फोन येवोत. शिवाय ठरावीक काळाने बाहेरून अनोळखी नमुने यायचे. देशभरच्या लॅब तेच नमुने तपासायच्या आणि कुणाचं उत्तर किती चुकलं याचा कागद यायचा. सायबाची सही, मोठ्या कंपनीची मशीन, भिंतीवरचं प्रमाणपत्र, यातलं काही चालत नसे. मी विज्ञानावर भरवसा ठेवतो असं म्हणतो तेव्हा या रोज सकाळच्या संशयावर ठेवतो.

दुसरं उदाहरण सिकलसेलचं, म्हणजे तांबड्या रक्तपेशी विळ्यासारख्या वाकड्या होणाऱ्या आनुवंशिक रोगाचं. तिथे बाळ पाच दिवसांचं झालं की टाच टोचून रक्ताचे थेंब कागदावर घेतात. गोरं असो, काळं असो, सगळ्यांचं. त्यात सिकलसेल निघाला तर तीन महिन्यांच्या आत पेनिसिलिन सुरू, कारण अशा बाळांना साधा जंतुसंसर्गही नेऊ शकतो. आफ्रिकेतून, कॅरिबियनमधून आलेल्या कुटुंबांच्या बाळांचे असे रिपोर्ट मी काढले आहेत. तेव्हा माझ्याच तालुक्यात याच रोगाची पोरं 'सांधे धरते', 'अंगात रक्तच नाही', 'बाहेरचं लागलं' अशा नावांनी मोठी होत होती, नाहीतर होत नव्हती. इथे राष्ट्रीय मोहीम १ जुलै २०२३ ला सुरू झाली. हा अमक्या जातीचा रोग, असं अजूनही पारावर ऐकू येतं. गोंड-परधानांत, बौद्धांत तो आहेच, पण कुणबी-तेल्यांच्या घरांतही निघतो.

आता माझा प्रश्न. इथे लोकांचा भरवसा नेमका कशावर आहे? 'अमक्या डॉक्टरच्या हाताला गुण आहे' हे मी रोज ऐकतो. सलाईन लावल्याशिवाय बरं वाटत नाही, हेही ऐकतो. या डॉक्टरचे किती पेशंट बरे झाले नाहीत, असं विचारणारा मात्र अजून भेटला नाही.

---

झणझणीत_वऱ्हाड

काका, लेख झकास. पन एक गोठ इचारू? तुमी म्हनता नोंद, कंट्रोल, तपासनी. आमच्या गावात रातच्याले पोराले साप चावला तं त्या वक्ताले उघडं काय असते, थे सांगा. उपकेंद्राले कुलूप. पीएचसीत, म्हंजे प्राथमिक आरोग्य केंद्रात, डॉक्टर हाय, पन मधात नाला, आन् पावसायात त्याले पूर. मांत्रिक? थो गल्लीतच राह्यते. हाक मारली का येते, नारयावर काम करते, 'आधार कार्ड आना' म्हनत नाई.

लोक येडे नाई हो. जे जवय हाय त्याच्यावर मानूस भरवसा ठेवते. शयरातले म्हनते खेड्यातले अंधश्रद्धाळू. अरे बाप्पा, तुमच्या बिल्डिंगीखाली मेडिकल हाय म्हनून तुमी वैज्ञानिक!

---

डॉ_बंधपत्र

झणझणीत भाऊ, बिल्डिंगीवालं वाक्य मी ओपीडीत लिहून लावणार आहे.

मी पीएचसीत मेडिकल ऑफिसर आहे. बंधपत्राची सक्तीची सरकारी सेवा संपली, तरी इथेच राहिले. सर्पदंशाचं सांगते, कारण मांत्रिकाला 'गुण' येतो कसा हे समजलं पाहिजे.

चावणारे बहुतेक साप बिनविषारी असतात. विषारी साप चावला तरी दर वेळी विष सोडतोच असं नाही. म्हणजे मांत्रिकाने काहीही केलं नाही तरी त्याचे बरेच पेशंट उठून घरी जाणार. राहिलेले जे जातात त्यांच्याबद्दल 'आणायला उशीर केला' किंवा 'आयुष्यच तेवढं होतं' असं म्हणतात. काकांनी विचारलेला प्रश्न इथे कुणी विचारत नाही, कारण जे गेले त्यांची वही कुणी ठेवत नाही.

आपली सर्पदंशाची लस, म्हणजे प्रतिविष, चार सापांवर चालते: नाग, मण्यार, घोणस, फुरसे. घोणस, फुरसे यांचं विष रक्त गोठू देत नाही, म्हणून ते चावलेत की नाही हे बघायला आम्ही रक्त काचेच्या कोरड्या नळीत घेऊन वीस मिनिटं न हलवता ठेवतो. गोठलं नाही तर लस सुरू. सुरुवातच आठ-दहा बाटल्यांनी, आणि लहान मुलालाही तेवढ्याच, कारण सापाने विष वय बघून सोडलेलं नसतं. मण्यार त्याहून फसवी. रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते, दुखत नाही, खूण दिसत नाही. पहाटे पोट दुखतं, मग पापण्या जड होतात, मग श्वास. या पेशंटचं रक्त नळीत व्यवस्थित गोठतं. त्यावर जाऊन त्याला घरी पाठवलं तर तो गेलाच.

आमच्या भागातल्या मांत्रिकाशी मी भांडत नाही. त्याला सांगितलंय, मंत्र म्हणायचाय तर १०८ च्या गाडीत बसून म्हण, फक्त करकचून दोरी बांधू नको, ब्लेड मारू नको. आता तोच फोन करतो. उपचार अडवून मंत्रतंत्र करणं २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुन्हा आहे, त्यात साप, विंचू, कुत्रा तिन्ही दंश आहेत. हे त्याला एकदा वाचून दाखवलं होतं, पण गाडीत मानाची जागा मिळाल्याचा परिणाम जास्त झाला.

---

आर्वीचा_लॅबवाला

डॉक्टर मॅडम, काचेच्या नळीबद्दल धन्यवाद. यात थोडी भर. नळी नवी हवी आणि साबणाने धुतलेली नको. प्लास्टिकच्या किंवा धुतलेल्या नळीत चांगलं रक्तही गोठायला कुचराई करतं, आणि मग ज्याला गरज नाही त्याला लस दिली जाते. साधी चाचणी जितकी साधी दिसते तितकी नसते.

---

काढाप्रेमी

राग मानू नका, पण विज्ञान दर दहा वर्षांनी मत बदलतं. आधी तूप वाईट, आता तूप चांगलं. कोरोनात तर दर आठवड्याला नवीन. आमच्या आजीचा काढा तीनशे वर्षं तोच आहे. भरवसा कुणावर ठेवायचा?

---

झणझणीत_वऱ्हाड

तुमची आजी तीनशे वर्साची?

---

आर्वीचा_लॅबवाला

काढाप्रेमी, कोरोनाचंच घ्या. इंग्लंडात 'रिकव्हरी' नावाचा अभ्यास झाला. इस्पितळात आलेल्या हजारो रुग्णांना, त्यांच्या संमतीने, चिठ्ठी टाकल्यासारखं वेगवेगळ्या औषधांच्या गटांत वाटलं. कुणाला काय मिळणार हे डॉक्टरच्या मनावर नव्हतं. जून २०२० मध्ये त्यातून दोन निकाल आले. ज्या हायड्रॉक्सीक्लोरोक्विनसाठी जगभर मेडिकलच्या दुकानांत रांगा लागल्या होत्या, त्याचा इस्पितळातल्या रुग्णांना काही फायदा नाही, हा पहिला. अकरा दिवसांनी दुसरा: डेक्सामेथासोन या जुन्या, कवडीमोल स्टिरॉइड औषधाने व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने आणि ऑक्सिजनवरच्यांचे एक पंचमांशाने कमी होतात. ज्यांना ऑक्सिजनच लागत नाही त्यांना मात्र फायदा नाही. मत बदललं ते असं मोजून, आणि कुणाच्या बाबतीत बदललं नाही तेही सांगून.

काढ्याशी माझं वैर नाही. घसा बसला की मीही घेतो. पण तीनशे वर्षं तोच आहे म्हणजे तीनशे वर्षं कुणी मोजलं नाही, असाही अर्थ निघतो.

---

मेडिकलवाला

काउंटरच्या अलीकडून बोलतो, कडू लागेल.

हेच डेक्सा आमच्या भागात सर्दीले, अंगदुखीले, 'अशक्तपणाले' टोचतात. डिग्री नसलेले तर टोचतातच, असलेलेही काही. पेशंट दोन तासांत उठून बसतो, डॉक्टरच्या हाताला गुण! साखर वाढली, हाडं ठिसूळ झाली, ते पाच वर्षांनी कळतं, तोवर नाव दुसऱ्याच कशाचं तरी होतं. गजकर्णाला स्टिरॉइडवालं मलम मागायला रोज गिऱ्हाईक येतं, नाही म्हटलं तर समोरच्या दुकानात जातं. म्हणजे औषध विज्ञानाचंच, लॅबवाले काका. पण वापर मांत्रिकाचा.

दुसरं. तुम्ही म्हणता भरवसा ठेवा. २०२५ मध्ये शेजारच्या छिंदवाड्यात खोकल्याच्या औषधाने पोरं गेली. किडनी बंद पडलेली कितीतरी पोरं नागपुरात आणली होती. बाटलीत डायएथिलीन ग्लायकोल निघालं, कारखान्यात वापरायचं द्रावक. बाटलीवर छापील लेबल, बॅच नंबर, लायसन नंबर, सगळं होतं. मी दुकानदार, मी ती बाटली कुठे तपासू? आणि २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करता करता वीसपेक्षा जास्त शेतकरी-मजूर गेले. ते कीटकनाशकही कुण्या शास्त्रज्ञानेच बनवलं ना? मास्क, हातमोजे लावा असं लेबलावर बारीक अक्षरात लिहिलंय म्हणे, बेचाळीस डिग्रीत आणि डोक्याइतक्या पऱ्हाटीत (कपाशीत). सांगा आता.

---

आर्वीचा_लॅबवाला

मेडिकलवाले भाऊ, तुमच्या प्रश्नाला सोपं उत्तर नाही आणि मी देणारही नाही.

हे विष नवीन नाही. १९३७ साली अमेरिकेत याच डायएथिलीन ग्लायकोलमध्ये विरघळवलेल्या औषधाने शंभरावर माणसं गेली, त्यात बरीच मुलं होती. तेव्हा औषध विकण्याआधी ते सुरक्षित आहे हे दाखवण्याचं बंधनच नव्हतं. ते बंधन १९३८ च्या कायद्याने आलं. आपल्याकडे १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळीच्या ग्लिसरॉलने १४ रुग्ण दगावले, न्यायमूर्ती लेंटिन आयोग बसला. म्हणजे रसायन ओळखीचं, ते शोधायची चाचणी ओळखीची, त्याने काय होतं तेही ओळखीचं. प्रत्येक बॅचवर ती चाचणी करायची की नाही, एवढाच प्रश्न उरतो. त्याला नोकरीवरची माणसं लागतात आणि त्यांच्या मागे लागणारी माणसं लागतात.

आणि तिकडे सगळं सोवळं आहे असंही समजू नका. मी रक्ताच्या धंद्यातला, म्हणून हे लिहिलंच पाहिजे. १९७० आणि ८० च्या दशकांत ब्रिटनमध्ये हिमोफिलियाच्या (रक्त नीट न गोठण्याच्या आजाराच्या) रुग्णांना आणि रक्त चढवलेल्या इतरांना दूषित रक्त, रक्तघटक दिले गेले. तीस हजारांवर लोकांना एचआयव्ही किंवा हेपॅटायटिस सी झाला. चौकशीचा अंतिम अहवाल आला मे २०२४ मध्ये, आणि त्यात स्पष्ट लिहिलं होतं की हे टाळता आलं असतं आणि ते लपवलं गेलं. ज्या एनएचएसचं मी वर कौतुक केलं तिचीच ही गोष्ट. रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक चाळीस वर्षं कागद मागत राहिले म्हणून बाहेर आली.

---

एडिसनवासी

न्यू जर्सीहून. इथे तर फुकट नाही आणि लवकरही नाही. चांगला इन्शुरन्स असूनही आधी ठरावीक रक्कम आपल्या खिशातून, मग कंपनी. मेडिकेअर, म्हणजे सरकारी विमा, पासष्टीनंतर. सासूबाई अमरावतीहून आल्या की आमचा जीव टांगणीला, कारण पाहुण्यांच्या विम्यात जुना आजार धरत नाहीत. दातांची कामं आम्ही नागपूरला येऊनच करतो.

पण मला भरवशाबद्दल लिहायचंय. अमेरिकेने २००० साली गोवर संपल्याचं जाहीर केलं होतं. २०२५ मध्ये टेक्सासमध्ये साथ आली, सातशेवर रुग्ण, दोन मुलं गेली, दोघांनाही लस दिलेली नव्हती. तिथे ना नाला आडवा येतो, ना उपकेंद्राला कुलूप. लस हाताशी होती आणि आईबापांनी नको म्हटलं. झणझणीत भाऊंचं 'जे जवळ त्यावर भरवसा' इथे लागू पडत नाही.

---

झणझणीत_वऱ्हाड

कसं नाई पडत वहिनी? त्याईच्या जवय मोबाईल होता.

---

आर्वीचा_लॅबवाला

:) झणझणीत, तू मास्तर हो.

वहिनी, त्यातला बराचसा धूर १९९८ च्या एका लेखाचा आहे. लंडनमधल्या एका डॉक्टरने बारा मुलांवरून गोवराच्या एमएमआर लशीचा संबंध ऑटिझमशी असू शकतो, असं 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आणलं. पुढे मोठमोठ्या अभ्यासांत तसं काही निघालं नाही, माहितीत फेरफार केल्याचंही दिसलं, २०१० मध्ये लेख मागे घेतला आणि त्याच वर्षी त्याचं नाव डॉक्टरांच्या नोंदवहीतून काढलं. लेख खोडायला बारा वर्षं लागली. तेवढ्या वेळात तो घरोघरी पोचला होता.

---

आशा_धारणी

नमस्कार. मी आशा आहे, मेळघाटात. मला जास्त लिहिता येत नाही, पण 'लॅन्सेट'चं नाव वर आलं म्हणून लिहिते.

आमच्या ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं की आम्ही बाळंतिणीच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठावीसाव्या आणि बेचाळीसाव्या दिवशी जातो ना, हे गडचिरोलीतून आलं आहे. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च'ने ३९ गावांत गावातल्याच बायांना शिकवलं. बाळाचं वजन करायचं, श्वास मोजायचे, ऊब द्यायची, जंतुसंसर्ग ओळखून सुई द्यायची. शेजारच्या गावांशी तुलना केली तर नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. ते १९९९ मध्ये त्या लॅन्सेटमध्येच छापलं. इंग्लंडातून इकडे नाही आलं, इकडून तिकडे गेलं.

आमच्याकडे बाळाचं पोट फुगलं की भूमकाकडे, म्हणजे गावच्या मांत्रिकाकडे, नेतात, तो तापलेल्या विळ्याने डंबा (चटका) देतो. मी सुरुवातीला ओरडायची. मग बाया मला बाळ दाखवायच्याच नाहीत, लपवायच्या. आता मी वजनाचा काटा काढते आणि आजीच्याच हातात झोळी देते. मागच्या खेपेचा आकडा वहीत असतो. वजन वाढलं नाही हे आजीने स्वतः पाहिलं की ती म्हणते चल दवाखान्यात. सगळ्याच म्हणतात असं नाही. पावसाळ्यात रस्ता बंद असला तर मीही काही करू शकत नाही.

आणि एक. सिकलसेलच्या तपासणीचं कार्ड लोक घेतात पण पेटीत तळाशी ठेवतात. लग्न मोडेल म्हणून.

---

डॉ_बंधपत्र

ताई, 'जास्त लिहिता येत नाही' म्हणता आणि सगळ्या धाग्यात कामाचं तुम्हीच लिहिलंत.

---

आर्वीचा_लॅबवाला

ताई, आजीच्या हातात काटा देणं आणि आमचं सकाळी माहीत असलेला नमुना लावणं, काम एकच. तुमच्याकडे ते जास्त अवघड आहे, कारण आमच्या मशीनला सासू नव्हती.

---

लेकीची_आई

ताईंनी कार्डाचं लिहिलं म्हणून धीर करून विचारते. मुलीचं जमत आलं आहे. मुलगा चांगला, नोकरीवाला. त्यांनी स्वतःहून कार्ड दाखवलं, त्यावर एएस लिहिलं आहे. घरचे म्हणतात रोगट घर आहे, सोडून द्या. मुलीची तपासणी गावातल्या कॅम्पमध्ये झाली होती, कागदावर फक्त 'सोल्युबिलिटी पॉझिटिव्ह' आहे. म्हणजे तिला रोग आहे का? ती तर कधी आजारी पडत नाही.

---

आर्वीचा_लॅबवाला

ताई, घाबरू नका आणि कुणी विचारलं म्हणून आजच निर्णयही घेऊ नका.

मुलगा एएस म्हणजे वाहक, पुढच्या पिढीला देऊ शकणारा. रोगी नाही. त्याने कार्ड स्वतःहून दाखवलं, हे मी त्याच्या बाजूने मोजीन.

मुलीचा कागद अर्धाच आहे. सोल्युबिलिटी चाचणी रक्तात सिकल आहे एवढंच सांगते, वाहक आहे की रोगी ते सांगत नाही. ती कधी आजारी पडत नाही म्हणजे बहुधा वाहक, पण 'बहुधा'वर लग्न ठरवायचं नसतं आणि मोडायचंही नसतं. जिल्हा रुग्णालयात किंवा मेडिकल कॉलेजात जा आणि एचपीएलसी मागा, नाहीतर इलेक्ट्रोफोरेसिस, दोन्ही तपासण्या हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवतात. मागच्या तीन-चार महिन्यांत तिला रक्त चढवलं असेल तर आधी सांगा, कारण मग रिपोर्ट रक्तदात्याचा आणि तिचा मिसळून येतो.

---

डॉ_बंधपत्र

काकांच्या पुढे: दोघंही एएस निघाले तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला रोग असण्याची शक्यता २५ टक्के. एक आजारी बाळ झालं म्हणून पुढची तीन सुटली असं नाही, दर वेळी पुन्हा २५. गरोदरपणात लवकर गर्भाची तपासणी करता येते, त्यासाठी नोंदणी पहिल्या तीन महिन्यांत व्हायला हवी. आणि मुलगी एसएस, म्हणजे रोगी, निघाली तर मग शक्यता ५० टक्के होते, शिवाय तिलाच औषधं आणि देखरेख लागेल. ते लग्नाआधी कळलेलं बरं, लग्न करा किंवा करू नका. हे बोलायला मुलगा-मुलगी दोघांनाही सोबत आणा, फक्त आईबापांनी येऊ नका.

---

लेकीची_आई

सोमवारी जातो. तिचे बाबा तयार नाहीत, मी आणि ती जाऊ. मुलालाही विचारते.

---

आर्वीचा_लॅबवाला

जा. रिपोर्ट आला की नाव झाकून फोटो इथे टाका. एचबीए, एचबीएस, एचबीएफ आणि एचबीए-टू, हिमोग्लोबिनच्या या चारही प्रकारांचे आकडे दिसले पाहिजेत, नुसता शेरा नको. आकडे दिले नसतील तर तिथेच मागून घ्या.